राज्याभिषेक (२)

दुबार फोल्डर काढून टाकण्याच्या कामाला मुहूर्त लागतो. पावसाळ्यात रायगडाखालच्या पाचाडात वीज कधी जाईल सांगता येत नाही, आणि अर्धवट पुसलेला फोल्डर मुळीच न पुसलेल्यापेक्षा वाईट. उन्हाळ्यात वीज बरी असते, पण तेव्हा अण्णा गडावर असतात. हिवाळ्यात शाळांच्या सहली येतात, तेव्हाही अण्णा गडावरच. आणि अण्णांच्या माघारी अण्णांच्या संगणकाला हात लावायचा नाही, हा घरातला कायदा आहे. तेव्हा मुहूर्त नाहीच असे धरून कामाला लागावे.

अण्णा म्हणजे माझे चुलते. मास्तरकी करून निवृत्त झाले. रायगडाचा एकही दगड फोटोवाचून राहू नये असा त्यांचा पण आहे. प्रस्तुत मार्गदर्शन सर्व जिज्ञासूंसाठी असले तरी उदाहरणे एकाच संगणकातली घेतली आहेत, कारण या रोगाचे सगळे प्रकार तिथे एकत्र पाहायला मिळतात.

आधी उत्पत्ती. विंडोजमध्ये फोल्डर माउसने ओढून त्याच ड्राइव्हमध्ये दुसरीकडे सोडला तर तो तिकडे जातो, जुन्या जागी उरत नाही. दुसऱ्या ड्राइव्हवर किंवा पेनड्राइव्हवर सोडला तर त्याची नुसती प्रत होते आणि मूळ जिथल्या तिथे राहते. हा भेद कोणी कोणाला सांगत नाही. त्यामुळे ‘सी’वरून ‘डी’वर हलवलेला संसार दोन्हीकडे सुखाने नांदतो. हे पहिले कारण. दुसरे कारण पेनड्राइव्ह, तिसरे व्हॉट्सअ‍ॅप, चौथे अण्णा.

मूलभूत नियम असा की नावावर जाऊ नये. साधकाला ‘राज्याभिषेक’ आणि ‘राज्याभिषेक (२)’ असे दोन फोल्डर शेजारीशेजारी दिसले की त्याचा हात आपसूक डिलीटकडे जातो. थांबावे. पाचाडच्या माणसाला शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक वर्षातून दोनदा असतो: ६ जूनला तारखेने आणि ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला तिथीने. २०२३ साली तिथी २ जूनला आली आणि चार दिवसांनी तारीख. फेटे तेच, ढोल तेच, भंडारा तोच, आणि अण्णा दोन्हींना हजर. हे दोन्ही एकत्र करू का, असे मी विचारले. अण्णांनी चष्मा काढला. चष्मा काढला की इतिहास सुरू होतो. म्हणाले, अरे, महाराजांचाच राज्याभिषेक दोनदा झाला! पहिला ६ जून १६७४ला गागाभट्टांच्या हस्ते वैदिक पद्धतीने, दुसरा २४ सप्टेंबरला निश्चलपुरी गोसाव्यांच्या हस्ते तांत्रिक पद्धतीने. मध्ये १७ जूनला, इथे खाली पाचाडात, जिजाऊ गेल्या. “तेव्हा तो ‘दोन’ अगदी बरोबर आहे. तुला बीएस्सीला पास कोणी केला?”

उलट प्रकारही असतो. पाचाड खिंडीतली गुहा कोणी वाघबीळ म्हणतो, कोणी नाचणटेपाची गुहा. अण्णांच्या संगणकात ‘वाघबीळ’ आहे, ‘नाचणटेप’ आहे आणि ‘बीळ नवीन’ही आहे. गुहेला तोंडे तीन असली तरी गुहा एक, आणि तिन्ही फोल्डरांत फोटोही तेच. नावाने शोधत बसलात तर हे जन्मात सापडायचे नाहीत.

मग पाहायचे काय? आधी आकार. हुबेहूब प्रत असेल तर फाइलचा आकार बाइटपर्यंत जुळलाच पाहिजे. जुळला नाही तर विषय संपला. जुळला तर ठसा पाहायचा. संगणकवाले त्याला हॅश म्हणतात. फाइल कितीही मोठी असो, शा-२५६ या पद्धतीने तिचा ६४ अक्षरी ठसा निघतो. फाइलचे नाव बदलले तरी ठसा तोच, आणि फोटोतला एक ठिपका बदलला तरी ठसा पार वेगळा. अंगठ्याच्या ठशासारखेच, माणूस फेटा बांधून आला म्हणून अंगठा बदलत नाही. हे हाताने करायची गरज नाही. ‘डुपगुरू’ नावाचा फुकट प्रोग्राम मिळतो. तो सुट्या फाइलींबरोबर अख्खे फोल्डरही ताडून पाहतो. त्याची खरी खुबी अशी की जो फोल्डर अस्सल मानायचा त्याला ‘रेफरन्स’ ठरवता येते. मग त्यातले काही पुसलेच जात नाही, पुसले जाते ते बाकीच्या ठिकाणचे. ही खूण करायला विसरू नये. अस्सल कोणता हे प्रोग्राम सांगत नाही. ते ज्याचे त्याने ठरवायचे, आणि आमच्याकडे ते ठरवायला एक अख्खा गणेशोत्सव गेला.

व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेल्या फोटोला मात्र ठसा ओळखत नाही. व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करते आणि तो कधी काढला ही आतली नोंदही गाळते, त्यामुळे डोळ्यांना तोच दिसणारा फोटो संगणकाच्या लेखी परका होतो. त्यासाठी त्याच प्रोग्रामात फोटोंचे साम्य टक्क्यांत मोजायची सोय आहे. दोनांतला आकाराने मोठा ठेवावा, साधारणपणे तोच मूळ असतो. टक्केवारीवर मात्र डोळे झाकून विसंबू नये. गडावरच्या बाजारपेठेत समोरासमोर दुकानांच्या दोन ओळी आहेत. जोती सारखी, पायऱ्या सारख्या. प्रोग्रामने डावी ओळ ठेवून उजवी पुसायची शिफारस केली. जुलैत काढलेल्या फोटोंत तर टकमक टोक, हिरकणी बुरूज, जगदीश्वर, सगळे धुक्यात पांढरेफटक. प्रोग्रामच्या मते तो एकच फोटो आहे. प्रोग्रामशी माझा मतभेद नाही. अण्णांचा आहे. कुठले धुके कुठले, हे त्यांना ओळखू येते.

पेनड्राइव्हवरून पुसलेले रिसायकल बिनमध्ये जात नाही. ते गेलेच.

गुगल फोटोंशी जोडलेल्या मोबाइलवर त्या अ‍ॅपमधून पुसले की गुगलच्या साठ्यातूनही पुसले जाते. हेही आधीच सांगितलेले बरे.

सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे जवळजवळ दुबार. एका फोल्डरात दुसऱ्यातले सगळे आहे आणि वर तीन फोटो जास्त. लोक बिनधास्त लहान फोल्डर उडवतात आणि मग कळते की जास्तीचे तीन तिकडे होते तसे चार इकडेही होते. म्हणून आधी एकातले दुसऱ्यात ओतावे. विंडोज विचारील की या नावाची फाइल आहे, बदलू की वगळू? ‘वगळू’ म्हणावे. आणि कॅमेरा काही काळाने तेच क्रमांक पुन्हा वापरतो, तेव्हा एकाच नावाखाली तक्क्याची विहीर आणि पुतणीचे बारसे असू शकते. वगळलेल्या फाइली एकदा उघडून पाहाव्यात. कंटाळवाणे काम आहे. चहा घेऊन बसावे.

इथवर सगळे शास्त्र झाले. आता खरी अडचण.

अण्णांचे बिऱ्हाड पूर्वी महाडात होते, तळमजल्यावर. २२ जुलै २०२१ला सावित्री आणि गांधारी या नद्या गावात शिरल्या. पाणी उतरले तेव्हा संगणक चिखलाने भरलेला होता. त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळली होती. अशा वेळी माझे फोटो गेले हो, असे म्हणायची कोणाची जीभ रेटणार? अण्णा बोलले नाहीत. पण त्यांनी आयुष्यभर, हवे असोत नको असोत, लोकांना फोटो वाटले होते. वैतागायचो आम्ही. तेच फोटो परत येऊ लागले. पोलादपूरच्या आत्याने पेनड्राइव्ह पाठवला, बिरवाडीच्या मेहुण्यांनी सीडी, ठाण्यातल्या कुठल्याशा जुन्या विद्यार्थ्याने ईमेलवर ईमेल. अण्णांनी प्रत्येकाचा वेगळा फोल्डर केला. ‘आत्याने दिलेले.’ ‘मेहुण्यांनी दिलेले.’ ‘बॅच ९८.’ आत बहुतेक सगळे तेच ते. डुपगुरू त्यांच्यावर लाल रेघा मारत सुटतो आणि अण्णा म्हणतात, “ते तिने दिलेत रे.”

यावर कोणताही प्रोग्राम चालत नाही. एक तोड निघाली ती अशी: फोटो एकाच ठिकाणी ठेवायचे आणि त्याच फोल्डरात एक साधी मजकुराची फाइल करायची. कोणी काय परत दिले, कधी दिले, कशावरून पाठवले, सगळे तिच्यात. तिला जागा लागते फोटोच्या शेपटाएवढीसुद्धा नाही. अण्णा तयार झाले. ती फाइल आता बरीच लांब झाली आहे आणि तिच्यात मेहुण्यांच्या तब्येतीचाही मजकूर आहे.

पुरानंतर माणूस काही पुसत नाही, हे मला समजते. पण पाच प्रती एकाच टेबलावरच्या एकाच डब्यात ठेवल्या तर पुढचे पाणी पाचही घेऊन जाईल. प्रती तीन असाव्यात, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी. संगणकवाल्यांचा हा जुना ३-२-१ नियम आहे. मूळ प्रत पाचाडच्या संगणकात, दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर माळ्यावर, तिसरी पुण्यात माझ्या बहिणीकडे. पुण्याची डिस्क वर्षातून एकदोनदा जोडून उघडून पाहायची, कारण कपाटातल्या डिस्काही न सांगता जातात. एवढी व्यवस्था आधी लावावी, आणि मगच टेबलावरच्या प्रती पुसाव्यात. क्रम उलटा करू नये.

शेवटचे, नावे देण्याविषयी. फोल्डरच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असावा: २०२३-०६-०२. म्हणजे ते आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. डिस्कवरही कोणत्या दिवसापर्यंतची प्रत आहे त्याची चिठ्ठी लावावी. बहिणीकडे पाठवायच्या डिस्कवर अण्णांनी माझ्यादेखत चिठ्ठी लावली. तीवर तारीख घातली, खाली तिथी घातली, शक घातला. मग तशीच दुसरी चिठ्ठी लिहून डब्याच्या आत टाकली.

“पहिली पडली तर?” म्हणाले.