तीन मिनिटांचा पल्ला

जळगाव ते धुळे हे अंतर रस्त्याने पंच्याण्णव किलोमीटरच्या आसपास भरतं आणि सूर्याच्या हिशेबाने तीन मिनिटं. रस्त्याचं अंतर ड्रायव्हरला विचारता येतं, सूर्याचं कोणी सांगत नाही. आपली प्रमाणवेळ 82.5 अंश रेखांशावरची, म्हणजे तिकडे मिर्झापूरच्या बाजूची. तिथे सरासरीने मध्यान्ह झाली की साऱ्या देशात बारा वाजतात. सूर्याला जळगावच्या डोक्यावर यायला त्यानंतर साधारण 28 मिनिटं लागतात, धुळ्याच्या डोक्यावर 31. खानदेशी माणूस कार्यक्रमाला अर्धा तास उशिरा पोचतो अशी जी तक्रार होते, तिचं शास्त्रीय उत्तर हे आहे. आम्ही उशिरा येत नाही, आमच्या सूर्याबरोबर येतो. पुण्याचा सूर्य खरं तर आमच्याहून मागे आहे, पण पुण्यात सूर्याला विचारतो कोण?

हे गणित मला करावं लागलं ते भाच्यामुळे. भाचा न्यू जर्सीत असतो, लग्नासाठी मार्चमध्ये आला होता. लग्न धुळ्याला, मुहूर्त रविवारी दुपारी 12 वाजून 30 मिनिटांचा. रेल्वेने धुळ्याला जायचं तर चाळीसगावचा वळसा पडतो, म्हणून सकाळीच काळी-पिवळी धरली. नऊ माणसांच्या गाडीत अकरा बसली होती आणि ड्रायव्हर बाराव्याची वाट पाहत होता.

"किती वाजता निघणार?" भाच्याने विचारलं.

"भरनी की निंघनी," ड्रायव्हर म्हणाला. वेळापत्रकाचा इतका नेमका मसुदा मी दुसरा वाचलेला नाही.

गाडी सुटल्यावर भाच्याने फोन काढला. त्यात दोन घड्याळं शेजारी शेजारी होती, एक इथलं, एक तिथलं. "मामा, आज आमच्याकडे एक तास कमी होणार."

"पगारातून?"

"नाही हो. डेलाइट सेव्हिंग. मार्चच्या दुसऱ्या रविवारी रात्री दोन वाजले की घड्याळ एकदम तीनवर जातं. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तो तास परत मिळतो."

"व्याज?"

भाचा हसला नाही. तिकडे राहून माणूस व्याजाच्या बाबतीत गंभीर होतो. त्याने समजावलं, की उन्हाळ्यात सूर्य पहाटेच उगवतो, लोक झोपलेले असतात, उजेड फुकट जातो. घड्याळ पुढे केलं की सगळे तासभर लवकर उठतात आणि संध्याकाळी तासभर उजेड जास्त मिळतो.

हा जास्तीचा उजेड ऐकून पुढच्या सीटवरच्या दोघी बायकांनी एकदम मागे वळून पाहिलं. मार्चमध्येच पारा चाळिशीला भिडायला लागलेल्या जिल्ह्यात संध्याकाळी आणखी तासभर सूर्य देऊ करणारा माणूस त्या पहिल्यांदाच बघत होत्या. त्यातली एक म्हणाली, "काय करवा भो तो उजेडले?" दुसरी पहाटे चारला उठून बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, घाटा शिजवून आली होती. उन्हं चढायच्या आत बिबडे खाटेवर पडले पाहिजेत, हे तिला कुठल्या संसदेने सांगितलं नव्हतं. घड्याळाचा काटा न हलवता ती स्वतः तीन तास पुढे सरकली होती.

या कल्पनेचा उगमही ऐकण्यासारखा आहे. जॉर्ज हडसन नावाचे न्यूझीलंडचे गृहस्थ दिवसा पोस्टात नोकरी करत आणि संध्याकाळी किडे जमवत. उजेड पुरेना, म्हणून त्यांनी 1895 मध्ये घड्याळ दोन तास सरकवायची सूचना मांडली. पुढे 1907 मध्ये इंग्लंडच्या विल्यम विलेट नावाच्या बांधकाम व्यावसायिकाने स्वतंत्रपणे तोच विचार पुस्तिकेत छापला. विलेटच्या हयातीत इंग्लंडने ऐकलं नाही. 1916 साली जर्मनीने लढाईत कोळसा वाचवायला घड्याळ पुढे केलं, मग बाकीच्यांनीही केलं. म्हणजे निम्म्या जगाची झोप एका कीटकप्रेमी माणसाच्या छंदापासून मोडायला लागली. हडसन पावसाळ्यात आमच्या यावलला आले असते तर ट्यूबलाइट लावल्या लावल्या पोतं भरून किडे मिळाले असते, घड्याळाला हात न लावता.

एरंडोलला एक आबा चढले. ड्रायव्हरचा बारावा मिळाला. आबांचे डोळे तांबारलेले. घड्याळाची चर्चा ऐकून ते म्हणाले, "आमनं घड्याय तं दर आठोडाले फिरस."

ते विजेबद्दल बोलत होते. शेतीच्या पंपाला थ्री फेजची वीज दिवसभर मिळत नाही. ती पाळीने येते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की शेतकरी दहा-अकराला बॅटरी घेऊन केळीत शिरतो. पायाखाली साप, बांधावर रानडुक्कर आणि तापीच्या पट्ट्यात अधूनमधून बिबट्यासुद्धा. दिवसाची पाळी आली की सकाळी. अमेरिकेत वर्षातून दोनदा एक तास घड्याळ हललं तर डॉक्टर लोक हृदयविकाराचे आकडे काढतात, अग्रलेख येतात. आबांचं घड्याळ बारा-बारा तासांनी हलतं. त्यावर भाच्याने "जेट लॅग" असा शब्द काढला. आबांनी तो ट्रॅक्टरचा नवा प्रकार समजून किंमत विचारली.

पारोळ्याला चहासाठी गाडी थांबली. आम्ही उतरलो, शेवटच्या सीटवरचे अत्तरवाले चाचा बसून राहिले. रमजान चालू होता. सहरी जळगावात झाली होती, इफ्तार धुळ्यात भावाकडे होणार होती. भाच्याला मी माझं तीन मिनिटांचं गणित सांगत होतो, तेवढ्यात चाचांनी खिशातून दोन्ही गावांची इफ्तारची वेळापत्रकं काढून समोर धरली. धुळ्याची मगरीब तीन मिनिटं पुढे छापलेली होती. जळगावहून धुळ्याला जाताना रोजा तीन मिनिटांनी लांबतो, हे रेखांशाचं पुस्तक न उघडता त्यांना पाठ होतं. मी म्हटलं, "चाचा, उपास वाढला की." ते म्हणाले, "तीन मिनिट ज्यादा. सवाब भी ज्यादा." व्याजाचा प्रश्न एवढ्या सभ्यपणे सुटलेला मी पाहिला नव्हता.

मुकटी, फागणे मागे टाकून आम्ही बाराच्या आत धुळ्यात मांडवाशी पोचलो. बारा पंचविसाला नवरदेव घोड्यावर होता आणि घोडा पानटपरीपाशी. पुढे बँड होता आणि त्याच्यापुढे नाचणारे. मांडवात गुरुजी, अंतरपाट आणि आम्ही तेवढे वेळेवर.

भाचा फोनकडे टक लावून बसला होता. न्यू जर्सीत रात्रीचे दोन वाजतात तेव्हा आपल्याकडे दुपारचे साडेबारा झालेले असतात, म्हणजे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा तास धुळ्याच्या बरोबर मुहूर्तावर उडणार होता. फोनमध्ये इकडे 12:29, तिकडे 1:59. मग इकडे 12:30 आणि तिकडे थेट 3:00. "गेला!" भाचा ओरडला. वधूपक्षाच्या दोन म्हाताऱ्या घाबरून उठल्या.

काय गेलं ते गुरुजींना समजावून सांगावं लागलं. त्यांना नवल वाटलं नाही. "म्हणजे तुमच्याकडे तासाचा क्षय होतो. आमच्याकडे तिथीचा होतो. आणि नोव्हेंबरात?"

"तोच तास दोनदा येतो."

"मग तो अधिक तास. अधिक महिन्यात जावयाला अनारसे देतात. तुमच्याकडे देतात का काही?"

भाच्याने कबूल केलं, की त्याच्या ऑफिसात कोणी अनारसे देत नाही.

गुरुजींनी मग मुहूर्ताचं सांगितलं. साडेबारा हा अभिजित मुहूर्त, मध्यान्हाच्या मागे-पुढे चोवीस-चोवीस मिनिटांचा. मार्चमध्ये धुळ्याची मध्यान्ह बारा चाळीसच्या सुमारास होते. घड्याळातले बारा हे गुरुजींच्या दृष्टीने सरकारी बारा. खरे बारा सूर्याचे, आणि ते गावोगाव वेगळे.

आमच्या आजोबा-पणजोबांच्या काळी सगळ्यांचंच असं होतं. रेल्वे तेवढी मद्रासच्या वेळेने धावायची. मद्रासची वेळ जळगावच्या सूर्याच्या 19 मिनिटं पुढे, त्यामुळे गाडी वेळेवर आली तरी ती लवकर आलेलीच. 1 जानेवारी 1906 पासून भारतीय प्रमाणवेळ आली आणि त्याच साली सरकारने खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे केले. वेळ एक झाली तेव्हाच जळगाव-धुळं वेगळं झालं. मुंबईने तर नवी वेळ मानलीच नाही. गिरणी कामगार चिडले, आणि महापालिकेने 39 मिनिटं मागे असलेली आपली मुंबई टाइम कित्येक दशकं सोडली नाही. एवढा हट्ट धुळ्याने केला असता तर त्याला मागासलेपण म्हटलं असतं.

घड्याळ पुढे करायचा प्रयोगही आपल्याकडे होऊन गेला आहे. दुसऱ्या महायुद्धात, 1 सप्टेंबर 1942 पासून 15 ऑक्टोबर 1945 पर्यंत, सरकारने सगळ्या देशाची वेळ तासभर पुढे नेली होती. उन्हाळा-हिवाळा असा भेद नाही, सलग तीन वर्षं. त्या काळात धुळ्याचा सूर्य दुपारी दीडला डोक्यावर यायचा. एप्रिल 1944 मध्ये क्रांतिकारकांनी इथल्याच चिमठाण्याजवळ सरकारचा खजिना लुटला, तेव्हाही सरकारी घड्याळ तासभर पुढेच होतं. खजिना वाचवायला त्याचा उपयोग झाला नाही.

लग्न दीड वाजता लागलं. अक्षता टाकता टाकता भाच्याने हिशेब केला. "मामा, हेच नोव्हेंबरात आणि अमेरिकेत असतं, तर आत्ता घड्याळात साडेबारा वाजले असते. आपण मुहूर्त गाठला असता." घड्याळ बदलण्याच्या बाजूने मी ऐकलेला एवढाच दमदार मुद्दा.

पंगतीत वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्याच्या भाजीवर त्याच्याशी वाद घातला. न्यू जर्सीत जूनचा दिवस डिसेंबरपेक्षा जवळजवळ सहा तासांनी मोठा. खानदेशात अडीच तासांनी. मुळात वाचवण्याजोगं फारसं हातात नाही. शिवाय ज्यांच्याकडे आहे तेही कंटाळले आहेत. युरोपच्या संसदेने 2019 मध्ये हा खेळ बंद करायच्या बाजूने मत दिलं, पण उन्हाळ्याची वेळ ठेवायची की हिवाळ्याची यावर देशांचं जमलं नाही आणि गाडी तिथेच अडकली. अमेरिकेने 1974 च्या जानेवारीत वर्षभर उन्हाळी वेळ ठेवून पाहिली. मुलं काळोखात शाळेला निघाली आणि लोकांनी ती वर्षाच्या आत हाणून पाडली. मेक्सिकोने 2022 मध्ये बहुतेक देशापुरता नाद सोडला.

आपल्याकडे बंगळुरूच्या राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेतल्या संशोधकांनी प्रमाणवेळ कायमची अर्धा तास पुढे करायची सूचना केली आहे. वर्षाला दोनशे कोटी युनिटांहून जास्त वीज वाचेल असा त्यांचा हिशेब. आसामच्या लोकांना, जिथे हिवाळ्यात पाचच्या आत अंधार पडतो, तो हिशेब पटण्यासारखा आहे. तिथल्या चहाच्या मळ्यांत तर तासभर पुढची बागान वेळ पूर्वीपासून चालते. पण धुळ्यात मध्यान्ह एक वाजता होईल, आणि डिसेंबरात सूर्य साडेसातला उगवेल. आपल्या राज्य सरकारने 2024 मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आत भरवू नयेत असं ठरवलं, कारण पोरांची झोप होत नाही. ऊन तापलं की शाळा सकाळी सातलाही भरतात. हे मला शहाणपणाचं वाटतं. शाळा सरकवा, कचेरी सरकवा, बिबडे पहाटे टाका. घड्याळ भिंतीवर आहे तसं राहू द्या.

संध्याकाळी साडेसातला भाच्याच्या ऑफिसचा फोन आला. रोजच्या साडेआठच्या हिशेबाने, बट्टीच्या गुंगीत तो आडवा झालेला. रविवार असूनही कामावरच्या पाळीला सुट्टी नव्हती. उठून बसला आणि डोळे चोळत इंग्रजीत म्हणाला, की मी पूर्ण जागा आहे. एरंडोलचे आबा त्या वेळी रात्रपाळीच्या विजेची वाट बघत असतील.

शेतीला दिवसा वीज द्यायची म्हणून राज्य सरकारने 2017 मध्ये सौर कृषी वाहिनी योजना काढली आहे, आणि तिच्यासाठी लागणारं ऊन खानदेशात तोटा पडावा असं नाही. दिल्ली-मुंबईच्या कारभाऱ्यांना विनंती एवढीच, की दिवसाचा उजेड वाचवायचाच असेल तर आमच्या घड्याळाला हात लावू नका. तापीकाठच्या प्रत्येक पंपाला तो उजेड असेतो वीज द्या.