सात सूर आणि एक पंप

जुईनगरच्या वन बीएचकेत पियानो येत नाही. लिफ्टमध्ये मावत नाही, आणि मावलाच तर जेवायला कुठे बसायचं हा प्रश्न उरतो. त्यामुळे आमच्या जॅझने 61 पट्ट्यांच्या कीबोर्डवर, शोकेस आणि इस्त्रीचं टेबल यांच्या मधल्या बोळात बिऱ्हाड केलं आहे. सध्या मी 'जी थर्टीन' नावाच्या कॉर्डच्या मागे लागलोय.

मांडणी हिशोबी आहे. पांढरी पाच धरायची आणि एकाआड एक पट्टी घेत वर जायचं: जी, बी, डी, एफ, ए, सी, ई. शेवटचा ई मुळापासून मोजत तेरावा, म्हणून थर्टीन. बाबांनी भजनी मंडळात उभी हयात पेटी वाजवली आहे. त्यांनी माझ्या बोटांखालचे सूर मोजले. सा, ग, प, कोमल नी, वरचे रे, म, ध. "अरे, हा तर अख्खा खमाज थाट! एकेक करून वाजव की. घाई कसली?"

बाबांचा मुद्दा बिनतोड होता. सातही सूर एकदम दाबले की सोसायटीची सर्वसाधारण सभा भरते. बोलतात सगळे, ठराव एकही होत नाही. ग आणि म तर पार्किंगवरून हमरीतुमरीवर येतात. म्हणून जॅझवाले आधी म ला बाहेर काढतात. मग पंचमाला, कारण तो नुसती सा ची री ओढतो. शेवटी खुद्द सा लाही. ते काम बासवाल्याचं. उरले कोमल नी, रे, ग, ध. अशा बिनबुडाच्या कॉर्ड वाजवूनच जॅझ पियानोवादक बिल एव्हान्सने नाव काढलं.

पण त्याच्याकडे बासवाला होता. मी हार्बरच्या लोकलवर भिस्त ठेवून पाहिली. तिचा ताल मिळतो, सूर नाही. मग एका संध्याकाळी टाकीचा पंप सुरू झाला आणि स्वयंपाकघराची भिंत गुणगुणू लागली. आपली वीज 50 हर्ट्झची, मोटारीची घरघर तिच्या दुप्पट, म्हणजे 100 च्या आसपास; आणि खालचा जी 98 चा. किंचित चढा, पण बासवाला फुकटात! चार सूर त्यावर ठेवले आणि कॉर्ड एकदम उभी राहिली. वरच्या काकूंनी जिन्यात विचारलं, "आज वेगळं काय वाजवलंत? बरं वाटलं."

बाबा मात्र अजून जॅझला 'क्लबातला प्रकार' म्हणतात आणि 'अलबेला'ची गाणी पेटीवर जीव लावून वाजवतात. 1951 च्या त्या सिनेमात पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांच्यासोबत ट्रम्पेट घेऊन गोव्याचे चिक चॉकलेट, म्हणजे अँटोनियो झेवियर वाझ, होते. चर्चच्या शाळांत नोटेशन शिकलेली ही गोवेकर मंडळी रात्री हॉटेलांत जॅझ वाजवत, दिवसा फिल्मी स्टुडिओत. शंकर-जयकिशनच्या चालींमागचे ऑर्केस्ट्राचे थर सेबॅस्टियन डिसूझांनी लिहिले. बाबांना हे सांगितलं. म्हणाले, "ते वेगळं." का वेगळं, ते काही सांगितलं नाही.

तुमच्या घरी पेटी असेल तर करून बघा: पांढरी चार, सहा, सात आणि वरच्या सप्तकातली तीन. सगळं एका हातात मावतं, भात्याला दुसरा मोकळा राहतो. पंप मात्र चालू हवा.