सातबाऱ्यावर अमेरिका

मोर्शी-वरुडच्या पट्ट्याला विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतात. ज्याने हे नाव ठेवलं त्याने कॅलिफोर्निया पाहिला होता का, ही शंका आमच्या घरात कोणी कधी काढली नव्हती. ती भाचीने काढली. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातून बी.एस्सी. ॲग्री झाली आणि जेवताना जाहीर केलं, की आता खऱ्या कॅलिफोर्नियात जाऊन लिंबूवर्गीय फळांत एम.एस. करणार.

"संत्र शिकाले अमेरिकेले कायले जातं वं?" आजी म्हणाली. "मी दावतो ना! चाल उद्या बगीच्यात."

आजीचं काही चूक नव्हतं. झाडाला ताण किती द्यायचा, आंबिया धरायचा की मृग, हे ती पानाकडे बघून सांगते. पण भाचीने अभ्यास केला होता. रिव्हरसाइड नावाच्या गावी १९०७ साली सिट्रस एक्सपेरिमेंट स्टेशन निघालं, त्याचंच पुढे विद्यापीठ वाढलं. आणि त्या गावात १८७३ साली लावलेलं नेव्हल संत्र्याचं झाड अजून उभं आहे. आजीचा घास हातातच राहिला. आमच्याकडे डिंक्या लागला की भरातलं झाड डोळ्यांदेखत बसतं, आणि तिकडे दीडशे वर्षांचं संत्रं!

"मंग जाऊ द्या तिले," आजी म्हणाली. "येतानी एक कलम घेऊन ये म्हणा."

ही परवानगी फुकट मिळाली. त्यानंतर कुठलीच गोष्ट फुकट मिळाली नाही.

मी मामा, निवृत्त मास्तर. फॉर्म पाहून ज्याला घाम फुटत नाही असा घरात मी एकटाच, म्हणून अर्थखातं माझ्याकडे आलं. दोन वर्षांच्या फीचा आणि राहण्याचा आकडा मी भाऊजींना वाचून दाखवला. त्यांनी विचारलं, "हे रुपये का डॉलर?" डॉलर आहेत म्हटल्यावर ते निवांत झाले, कारण डॉलरचा आकडा दिसायला लहान असतो. मग मी त्याचे रुपये करून दाखवले. भाऊजी उठून बागेत पाणी बघायला गेले. त्या वेळी लाइन नव्हती, मोटर बंद होती.

गावात बातमी फिरली तसे सल्लागार यायला लागले आणि प्रत्येकाने चहा संपायच्या आत पंजाबराव काढले. पापळसारख्या खेड्यातला पोरगा, १९२० साली बोटीत बसून विलायतेला गेला, एडिंबरोला शिकला, बॅरिस्टर झाला, डॉक्टरेट घेऊन परत आला, पुढे देशाचा कृषिमंत्री झाला. त्यांच्या वडिलांनी, शामरावबापूंनी, त्यासाठी जमीन गहाण टाकली, असं आमच्याकडे पारावर सांगतात. सल्लागारांना एवढंच माहीत असतं. पंजाबराव तिकडे नेमकं काय शिकले, हे मी सांगितलं तेव्हा बैठक जरा गडबडली. वैदिक वाङ्मयातल्या धर्माचा उगम आणि विकास! ते पुस्तक १९३३ साली ऑक्सफर्डच्या प्रेसने छापलं. आज एखाद्या पोराने बापाला म्हणावं, की वेदांवर संशोधन करायला विलायतेला जातो, वावर गहाण टाका. पहिला प्रश्न येईल, "स्कोप काय?" आणि दुसरा, "इथचे वेद सरले काय?" शामरावबापू मला तेव्हापासून पंजाबरावांहून मोठे वाटतात.

पण त्यांची एक सोय होती. सावकाराला वावर चालत होतं.

बँकेला चालत नाही. साडेसात लाखांच्या आतलं शैक्षणिक कर्ज तारणाशिवाय निघतं. त्याच्या वर गेलं की ठोस तारण लागतं. भाऊजी सातबारा, आठ-अ आणि नकाशा नव्या पिशवीत घालूनच गेले होते. बँकेतले साहेब नवे, आंध्राकडचे. त्यांनी कागद उघडलाही नाही. "खेती नहीं चलेगी."

कारण कायद्यात आहे. २००२ च्या सरफेसी कायद्याने बँकेला बुडव्याची मालमत्ता कोर्टात न जाता जप्त करता येते, पण शेतजमीन त्यातून वगळलेली आहे. शेतकऱ्याच्या भल्यासाठीच वगळली. ते भलं इतकं पक्कं झालं, की बागेतली सगळी झाडं, विहीर, ठिबक आणि बांधावरची निंबं मिळून पोरीच्या शिक्षणापुरती त्यांची किंमत शून्य.

भाऊजींचं लक्ष मात्र साहेबांच्या डोक्यावरच्या पोस्टरकडे होतं. त्यात एक शेतकरी लाल ट्रॅक्टरवर बसून हसत होता.

"साहेब, ट्रॅक्टरले चालते काय हे वावर?"

"ट्रॅक्टर को चलेगा ना! वो तो कृषी कर्जा है. कब लेना है?"

जमीन तीच, बँक तीच, खुर्चीही तीच. साहेबांनी आमच्यासाठी चहा मागवला. बाहेर आल्यावर भाऊजींनी योजना मांडली, "ट्रॅक्टर उचलू, अन् इकून टाकू. पोट्टी जाते अमेरिकेले." मी मास्तरकीला स्मरून विरोध केला. भाऊजी दुखावले. त्यांच्या मते ती योजना पंजाबरावांच्या वडिलांच्याच रस्त्याने जात होती, फक्त चाकांवर.

बँकेला हवा होता एन.ए. प्लॉट, नाहीतर शहरातलं घर. अमरावतीला साईनगरात फ्लॅट असलेले एक नातेवाईक आहेत. "पोरगी शिकली पाहिजे, मी हाय ना मांगं," असं त्यांनी आमच्या ओट्यावर बसून म्हटलं होतं, तेही कोणी न विचारता. मी फोन करून तारणाचा विषय काढला. तेव्हापासून त्यांच्या घरात रेंज नाही.

मग कागद. या कामातला माझा खरा आनंद इथे आहे. सरकारी शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत लागतं. तलाठ्याने अहवाल दिला, तहसीलीतून दाखला निघाला, आणि भाऊजी आठ लाखांच्या कितीतरी आत बसले. फळगळ बघता तो दाखला सोळा आणे खरा होता. व्हिसासाठी मात्र बाप तोलामोलाचा दिसावा लागतो. म्हणून त्याच आठवड्यात आम्ही अमरावतीला राजकमल चौकाजवळ एका सीएकडे गेलो. त्यांनी जमीन, घर, ताईचं सोनं, एलआयसी असं सगळं बाजारभावाने मांडलं, खाली गोल शिक्का मारला आणि भाऊजी करोडपती झाले. तेही खरंच होतं. राहिला तिसरा कागद, इन्कम टॅक्सचं रिटर्न. शेतीच्या उत्पन्नावर कर नाही, म्हणून भाऊजींनी जन्मात रिटर्न भरलेलं नाही, म्हणून बँकेच्या लेखी त्यांना उत्पन्नच नाही. एका माणसाचे तीन कागद झाले, एक गरीब, एक करोडपती आणि एक कोरा.

ताईने तिन्ही वेगवेगळ्या फाइलींत ठेवले. "एका जागी ठेवले तर आपसात भांडतीन," ती म्हणाली.

शिष्यवृत्तीचं सांगतो. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी आंबेडकरांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठवलं, महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षं. बदल्यात दहा वर्षं बडोद्याची नोकरी करायचा करार. १९२० साली बाबासाहेब अर्धं राहिलेलं शिक्षण पुरं करायला पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा शाहू महाराजांनी हातभार लावला आणि बाबासाहेबांनी नवल भथेना या मित्राकडून पाच हजार रुपये उसने घेतले. म्हणजे एवढ्या मोठ्या माणसालाही राजा, करार आणि दोस्त असं सगळं मिळून जुळवावं लागलं. आज त्या दोन्ही महाराजांच्या नावाने सरकारी परदेश शिष्यवृत्त्या आहेत. प्रत्येक समाजघटकाची योजना वेगळी, जागा मोजक्या, आणि एक अट अशी, की विद्यापीठ जगाच्या क्यूएस यादीत पहिल्या दोनशेत पाहिजे. संत्र्याची गादी जिथे आहे ते रिव्हरसाइड त्या दोनशेत नाही. लंडनची कॉलेजं मात्र पार वरच्या नंबरांत.

"लंडनात संत्र होते काय?" भाऊजींनी विचारलं. मी शिष्यवृत्तीच्या शासन निर्णयाची प्रत पुन्हा वाचली. त्यात ते विचारलेलं नव्हतं.

मधेच कोणीतरी जर्मनी आणली. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही. घरात दोन दिवस जर्मनीचा जयजयकार चालला, आजी जिलेबी करायच्या बेतात होती. मग कळलं, की व्हिसाआधी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो तिकडच्या खात्यात अडकवून ठेवायचे असतात. फुकट शिकण्याआधी अकरा-बारा लाख दाखवा. जिलेबी राहिली.

शेवटी भाचीनेच वाट काढली. शेती आणि विज्ञानाच्या विषयांत अमेरिकेतले प्राध्यापक आपल्या संशोधनाच्या प्रकल्पावर विद्यार्थी ठेवतात. त्याने प्रयोगशाळेत आणि शेतात राबायचं, प्राध्यापकाने त्याची फी भागवायची आणि वर महिन्याचा पगार द्यायचा. त्याला रिसर्च असिस्टंटशिप म्हणतात. मी हे भाऊजींना समजावून सांगायला अर्धा तास घेतला. त्यांना अर्ध्या मिनिटात समजलं.

"म्हणजे सालदार."

"सालदार नाही हो भाऊजी, संशोधन..."

"खानं-राहनं मालकाचं, काम मालकाच्या वावरात, हिशोब सालाचा. सालदारच हाय. फक्त आपला गुढीपाडव्याले लागते, त्याईचा सप्टेंबरात."

इतकी अचूक व्याख्या मला कुठल्याच विद्यापीठाच्या माहितीपत्रकात सापडली नाही.

मग प्राध्यापकांना मेल लिहिणं सुरू झालं. माझा मसुदा 'महोदय, वरील विषयास अनुसरून' असा सुरू होऊन तिसऱ्या परिच्छेदात मुद्द्याला येत होता. भाचीने तो आदराने बाजूला ठेवला आणि चार ओळींत स्वतःच्या बागेतल्या फळगळीबद्दल लिहिलं, सोबत गळलेल्या फळांचे फोटो. बऱ्याच जणांनी उत्तर दिलं नाही. काहींनी शुभेच्छा दिल्या. शुभेच्छांत फी बसत नाही. एकाने मात्र लिहिलं, फोटो पाहिले, बोलू या.

तो कॉल रात्री साडेनऊला होता, त्यांच्या सकाळी. भाचीने सगळ्यांना खोलीबाहेर काढलं, म्हणून आम्ही सगळे दाराच्या आत, पण लॅपटॉपच्या मागे बसलो. प्राध्यापक भला माणूस निघाला. मुळकूज, पाणी, रोगट कलमं, सगळं खोदून खोदून विचारत होता. आजी मागून खुणा करून उत्तरं पुरवत होती आणि त्यांतली दोन भाचीने जशीच्या तशी वापरली. तो खूश. म्हणाला, मला तू प्रकल्पावर हवी आहेस. ताईने पदर डोळ्यांना लावला. मग त्याने घसा साफ केला आणि बराच वेळ हळू आवाजात काहीतरी सांगितलं.

कॉल संपल्यावर भाऊजींनी विचारलं, "काय म्हणे तो शेवटी?"

"घ्यायला तयार आहेत," भाची म्हणाली. "पण पैसे सरकारकडून यायचे आहेत. त्यांनी प्रस्ताव केव्हाचा पाठवलाय. मंजुरी आली नाही अजून. कधी येईल सांगता येत नाही म्हणाले."

भाऊजींचा चेहरा इतक्या महिन्यांत पहिल्यांदा उजळला. अमेरिकेबद्दलचा सगळा परकेपणा त्यांच्या मनातून एका क्षणात गेला.

"म्हणजे त्याचंही अनुदान अडकलं हाय!" ते म्हणाले. "अरे मंग त्याले सांग ना, नुसता अर्ज टाकून होत नाही म्हणा. आधार लिंक हाय का पाह्य, अन् तहसीलीत सोताच एक चक्कर मार."