वर्गणी भरा, मग बॅट धरा

अमेरिकेतल्या विद्यापीठात बेसबॉलचे दोन संघ असू शकतात. एक अधिकृत, म्हणजे ‘व्हार्सिटी’: पगारी प्रशिक्षक, शिष्यवृत्त्या, फिजिओ, हक्काचं मैदान. दुसरा ‘क्लब’. छातीवर नाव त्याच विद्यापीठाचं, खर्च मात्र बहुतेक पोरांच्या खिशातून. अशा संघांच्या स्पर्धा भरवणारी नॅशनल क्लब बेसबॉल असोसिएशन 2000 साली निघाली. माझी मागणी साधी आहे. नाव विद्यापीठाचं लावता ना? मग निदान पंचांचं मानधन आणि गाडीभाडं विद्यापीठाने भरावं.

विस्कॉन्सिन विद्यापीठाचंच बघा. पैशांच्या तंगीपायी त्यांनी 1991 मध्ये बेसबॉलचा अधिकृत संघ बंद केला. ‘बिग टेन’ या बड्या गटात आज 18 विद्यापीठं आहेत. अधिकृत बेसबॉल संघ नसलेलं त्यातलं हे एकटंच. तिथे विद्यापीठाच्या नावाने बेसबॉल खेळला जातो तो क्लबच्या पोरांमुळे, आणि तोही मार्च उजाडला तरी बर्फ हटायची खात्री नसलेल्या मॅडिसन शहरात.

असा संघ चालवतं कोण? तिसऱ्या वर्षाला शिकणारा एखादा अध्यक्ष आणि त्याच्याच वर्गातला खजिनदार. गणेश मंडळाचा कार्यकर्ता पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरतो, तसा हा खजिनदार सत्र सुरू झालं की वर्गणीसाठी पोरांच्या मागे लागतो. वर्गणी कित्येक ठिकाणी काहीशे डॉलर. ती जाते कुठे? पंचांना मानधन द्यायचं. चेंडू डझनाने आणायचे, कारण 108 टाक्यांचा तो चामडी चेंडू ओल्या गवतावर लोळला की जड होतो, बोटांतून सटकतो, बाद करावा लागतो. धातूच्या बॅटवर 2011 पासून कडक मानक आलंय. त्यात बसणारी चांगली बॅट तीन-चारशे डॉलरच्या घरात जाते. शिवाय व्हॅनचं भाडं आणि मोटेलच्या एकेका खोलीत चौघं-चौघं.

त्यात शुक्रवारी रात्री पाऊस. पिचरचा उंचवटा जेमतेम दहा इंचांचा, पण त्याचा चिखल झाला की सामना गेलाच. मग सोमवारी परीक्षा असलेला हा अध्यक्ष फोन घेऊन बसतो: समोरच्या संघाचा कप्तान, दोन्ही पंच, मैदानाचं कार्यालय, व्हॅनवाला, मोटेल. अधिकृत संघात या कामाला पगारी माणूस असतो.

पैसा नाही, हे मला पटत नाही. पेन स्टेट विद्यापीठाने 2021 मध्ये फुटबॉलच्या प्रशिक्षकाशी दहा वर्षांचा करार केला, किमान साडेसात कोटी डॉलरचा. त्याच विद्यापीठात एक लाखावर प्रेक्षक बसतील असं फुटबॉलचं स्टेडियम आहे. सामना झाला की दुसऱ्या दिवशी बाकांखालचे पेले, बाटल्या, खाण्याचे कागद उचलायला क्लब खेळांची मुलं-मुली येतात. संघासाठी चार पैसे मिळतात म्हणून! कष्टाला माझा आक्षेप नाही, उलट त्या पोरांचं कौतुकच आहे. पण विद्यापीठाच्या नावाने खेळायचं म्हणून विद्यापीठाचाच कचरा उचलावा लागतो, ही व्यवस्था मला लाजिरवाणी वाटते.

विद्यापीठं म्हणतात, मुलं स्वतः संघ चालवतात, त्यातून नेतृत्वगुण येतात. येतात, शंकाच नाही. हिशेब ठेवणं, भांडणं मिटवणं, चांगल्या मित्राला बाकावर बसवणं, हे सगळं पोरं तिथे शिकतात. संघ त्यांनीच चालवावा, निवडही त्यांनीच करावी. पण वर्गणीची तारीख उलटते तेव्हा काय होतं? वडिलांची नोकरी गेलेला, चेंडू झकास वळवणारा डावखुरा पोरगा ‘अभ्यास वाढलाय’ असं सांगून यायचा बंद होतो. सगळ्यांना कारण ठाऊक असतं आणि कोणी विचारत नाही. हे कसलं नेतृत्व शिकवणं?

पुन्हा यातल्या प्रत्येक मुलाकडून शिक्षण शुल्काबरोबर विद्यार्थी-सुविधांचं शुल्क बहुतेक ठिकाणी आधीच वसूल झालेलं असतं. त्यातूनच पंच आणि गाडी यांची सोय करा. टोप्या, बॅटा, हातमोजे पोरं आणतील. आणि ज्याला वर्गणी झेपत नाही त्याची माफ करायचा अधिकार खजिनदाराला द्या, तेवढी तूट क्रीडा विभागाने भरून काढावी. येत्या सत्राच्या अंदाजपत्रकातच हे बसवा.