भार पुढं की मागं?

रायगडच्या किनाऱ्याला शर्यतीचं वेड आहे, ट्रॅक मात्र नाही. ट्रॅक समुद्र देतो, तोही ओहोटीपुरता. पाणी मागे हटलं की ओली पुळण घट्ट बसते, छकडे सुटतात, आणि भरती आली की बैल, प्रेक्षक आणि भजीवाले एकाच वेळी माडांत शिरतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली या शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१मध्ये पुन्हा परवानगी दिली आणि मे २०२३मध्ये घटनापीठाने तिच्यावर शिक्कामोर्तब केलं. बैलांचा प्रश्न असा सुटला. मोटरसायकलवाल्यांना ट्रॅकची हौस आली, तर अजूनही बहुतेकदा तमिळनाडू गाठावं लागतं. एक ट्रॅक चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला, दुसरा कोइमतूरला, करिवर्धन यांच्या नावाचा. कोइमतूरचा ट्रॅक दोन किलोमीटरांहून थोडासाच लांब आहे. म्हणजे गोल फिरून पुन्हा त्याच जागी येण्यासाठी अलिबागहून आधी हजारावर किलोमीटर सरळ जायचं. माझ्या पुतण्याने हे करायचं ठरवलं आणि घरात कोणालाच त्यात वावगं वाटलं नाही. आमच्या घरातले लोक पंढरपूरलाही चालत जातात.

वावगं वाटलं ते पुढच्या गोष्टीचं. त्याच्याकडे चाकणला तयार झालेली ड्यूक ३९० आहे, नव्या पिढीची. हिच्या पुढच्या फोर्कच्या एका नळीवर कम्प्रेशनचा स्क्रू, दुसरीवर रिबाउंडचा, प्रत्येकी पाच क्लिक. मागच्या शॉकअपला रिबाउंडचे पाच क्लिक आणि प्रीलोडच्या दहा पायऱ्या. माझ्या स्प्लेंडरलाही मागे पाच पायऱ्या आहेत. पण शोरूमवाल्याने पहिल्या दिवशी जी लावून दिली तीच पायरी सातबाऱ्यावरच्या जुन्या नोंदीसारखी तशीच चालू आहे, आणि तिला हात लावायचा तर चार भावांच्या सह्या लागतील असं मला वाटत आलंय. पुतण्याला मात्र सगळ्या पायऱ्या वापरायच्या होत्या.

‘‘काका, आधी सॅग मोजावा लागतो,’’ तो म्हणाला.

सॅग म्हणजे गाडी किती बसते ते. चाक अधांतरी असताना मागच्या आसापासून शेपटावरच्या एका खुणेपर्यंतचं अंतर घ्यायचं. मग गाडी नुसती उभी करून घ्यायचं, मग वर माणूस बसवून. पहिल्या आणि तिसऱ्या आकड्यातला फरक ट्रॅकसाठी साधारण तीस ते पस्तीस मिलिमीटर हवा. ऐकायला सोपं आहे. करायला किमान तीन माणसं लागतात: एकाने बसायचं, एकाने गाडी सरळ धरायची, एकाने टेप लावायची. आमच्या आळीत कोणत्याही कामाला तीन माणसं बोलावली की अकरा येतात, आणि त्यातल्या नवांना मत असतं.

बसायचं तेही ट्रॅकवरच्या पूर्ण पोशाखात, कारण चामड्याचा सूट, बूट, हेल्मेट मिळून आठ-दहा किलो सहज होतात आणि स्प्रिंग ते मोजते. ऑक्टोबरची उन्हं, समुद्राचा दमटपणा, आणि अंगणात तुळशीपाशी काळ्या चामड्यात आवळलेला पुतण्या दोन्ही पाय वर घेऊन ताठ बसलेला. आईने पडवीतून पाहिलं आणि विचारलं, ‘‘ह्याला लागलंय कुठं?’’ मी म्हटलं, अजून नाही.

टेप माझ्याकडे होती. इथं एक गंमत कळली. गाडी दाबून हळूच सोडली तर एक आकडा येतो, उचलून हळूच सोडली तर दुसरा. शॉकअपच्या आतलं घर्षण तिला दोन्ही वेळा थोडं अलीकडेच अडवतं. खरा आकडा दोहोंच्या मध्ये. पुतण्याने सरासरी काढून वहीत लिहिली. मग आत्याने हाक मारली, जेवण झालं, जिताड्याचं कालवण होतं, आणि जेवणानंतर पुन्हा मोजल्यावर एक मिलिमीटर वाढला. त्याचं म्हणणं मी टेप तिरकी धरली. माझं म्हणणं जिताडा.

अलिबागला बारीक मोजमापाचं वावडं आहे असं मात्र कोणी समजू नये. कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ साली इथं हलवली, ती मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार होत्या म्हणून. त्या धावू लागल्यावर तिथल्या उपकरणांना खऱ्याखोट्याचा भेद राहिला नसता. इथल्या वेधशाळेच्या इमारतीत लोखंड घातलं नाही. पृथ्वीच्या चुंबकत्वातला केसाएवढा बदल तिथं शंभरावर वर्षं शांतपणे नोंदला जातोय. त्याच गावात आमच्याकडे एका मिलिमीटरवरून दुपार गेली. वेधशाळेवाल्यांनी आळीतली माणसं आत घेतली नसावीत.

आळीचं एकमत एकाच मुद्द्यावर होतं: ‘‘स्प्रिंग टाईट कर, गाडी कडक होईल.’’ पुतण्याने हात जोडले. टूलकिटमधला आकड्याच्या तोंडाचा पाना फिरवून कडं घट्ट केलं, म्हणजे प्रीलोड वाढवला, तरी स्प्रिंग होती तेवढीच ताठ राहते. ती आधीच थोडी दाबलेली असते म्हणून त्याच वजनाला गाडी कमी बसते, म्हणजे उंच उभी राहते, एवढंच. वजनाच्या मानाने स्प्रिंगच मऊ असेल तर पाना कितीही फिरवा, दुसरी स्प्रिंग घ्यावी लागते. हे त्याने इतकं नीट समजावलं की सगळ्यांनी मान डोलावली, आणि जाताना दूधवाला म्हणाला, ‘‘बरोबर आहे. टाईटच कर.’’

क्लिकचं शास्त्र वेगळं. आत तेल आहे, ते बारीक वाटांतून जातं. वाट अरुंद केली की हालचाल मंद होते. कम्प्रेशन म्हणजे खाली जाताना लागणारा लगाम, रिबाउंड म्हणजे वर येताना. स्क्रू आधी उजवीकडे पूर्ण बंद करायचा, जोर न लावता, आणि तिथून उलटे क्लिक मोजत यायचं. रिबाउंडचा लगाम सैल राहिला तर गाडी खड्ड्यातून निघाल्यावरही नाचत राहते. फार आवळला तर एका खड्ड्यातून वर यायच्या आतच दुसरा येतो, मग तिसरा, आणि गाडी खड्ड्यागणिक खाली बसत जाते. हे शेवटचं वर्णन मला इतकं ओळखीचं वाटलं की मी विचारलं, वडखळचा रस्ता धरून सेटिंग करतोयस का? तो म्हणाला, ट्रॅकवर खड्डे नसतात. अंगणात क्षणभर शांतता पसरली. अकरापैकी कोणालाही ते खरं वाटलं नाही.

एव्हाना नाना आले होते. नानांची हयात छकड्यांत गेली. त्यांनी गाडीला एक फेरी घातली, शेपटाकडे पाहिलं, हँडलकडे पाहिलं, आणि विचारलं, ‘‘भार पुढं घेतलास का मागं?’’

पुतण्या चमकला, कारण दिवसभरात कामाचा प्रश्न हा पहिलाच. शर्यतीचा छकडा उलाळ झाला, म्हणजे भार मागे गेला, की जू वर उचलतं आणि बैलांच्या गळ्याशी येतं. भार फार पुढे आला की मान दबते. हाकणारा स्वतः पुढेमागे सरकत तो तोल सांभाळतो. मोटरसायकलचंही तेच, फक्त माणूस सरकण्याआधी लोखंड सरकवतात. मागची बाजू थोडी उंच केली, किंवा पुढच्या पकडीचे बोल्ट सैल करून फोर्कच्या नळ्या तीन-चार मिलिमीटर वर घेतल्या, की नाक खाली येतं, भार पुढच्या चाकावर जातो आणि गाडी वळणात चटकन झुकते. अति केलं तर सुसाट वेगात हँडल थरथरायला लागतं. नाना हे ऐकून म्हणाले, ‘‘मंग दोनच मिलिमीटर घे. उरलेला तू सरक.’’ त्याने दोनच घेतले. मला अजूनही वाटतं की त्या दिवशी आमच्या अंगणात सस्पेन्शनचा एकच इंजिनिअर हजर होता आणि त्याने धोतर नेसलं होतं.

नानांना मग मोटोजीपीची हकिगत सांगावी लागली. डुकाटीने २०१८च्या अखेरीस शर्यत सुटताना गाडी खाली बसवून ठेवायची युक्ती काढली. गाडी बुटकी असली की पुढचं चाक उचलत नाही, सगळी ताकद पळण्यात जाते. २०२०पासून मागची बाजू शर्यत चालू असतानाच खाली बसवू लागले. पुढच्या बाजूच्या तसल्या यंत्रावर २०२३मध्ये बंदी आली, आणि २०२७पासून अशी सगळीच यंत्रं बाद आहेत. नानांनी शांतपणे ऐकलं. बंदीची त्यांना सवय आहे. ‘‘धा वर्सांनी परत चालू करतील,’’ ते म्हणाले. गाडी आपोआप खाली बसण्याची सोय आमचे रस्ते फुकट देतातच. पुन्हा वर येण्याची हमी तेवढी देत नाहीत.

कोइमतूरचं फारसं सांगण्यासारखं नाही. गाडी टेम्पोतून गेली, टेम्पोतून आली. तिथल्या प्रशिक्षकाने पहिल्या फेरीनंतर मागच्या टायरवरची झीज पाहिली, रिबाउंड एक क्लिक सोडला आणि तो पुढच्या मुलाकडे गेला. पुतण्या आनंदात परतला. वहीत दोन पानं झाली होती: एकावर ‘ट्रॅक’, दुसऱ्यावर ‘रस्ता’.

या शास्त्राची खरी अडचण इथं आहे. ते धरून चालतं की गाडीवर एकच माणूस बसेल, त्याचं वजन रोज तेच असेल आणि रस्ताही तोच असेल. परदेशात असेल बुवा. आमच्याकडे गाडी पुतण्याच्या नावावर असते आणि घराच्या ताब्यात. सकाळी ती त्याला कॉलेजला नेते, दुपारी थळहून कोणाला तरी आणते, संध्याकाळी मांडव्याच्या जेटीवर मुंबईहून आलेल्या पाहुण्यासकट त्याच्या बॅगा उचलते. मे महिन्यात पांढऱ्या कांद्याच्या माळा. आणि बाजाराच्या दिवशी आत्या. ड्यूकची मागची सीट आत्याला पुरत नाही, आणि तरीही मांडीवर नारळांचं पोतं घेऊन ती तिच्यावर ज्या आत्मविश्वासाने बसते, तसा आत्मविश्वास मी मोटोजीपीतही पाहिलेला नाही.

ट्रॅकवरून आल्याच्या दुसऱ्याच दिवशी बाजार होता. आत्या पोत्यासकट चढली आणि मागचं शेपूट थेट चाकाला टेकायला आलं. ‘‘उलाल झाली रं गारी!’’ नाना कुंपणावरून ओरडले. पुतण्याने आत्याला उतरवलं, पाना आणला, आणि माझ्या हातात पुन्हा टेप दिली. आत्याने पोत्यासकट पुन्हा बसून, पाय वर घेऊन, तक्रार न करता सॅग दिला. दाबूनही दिला, उचलूनही दिला.

वहीत आता तिसरं पान आहे. मथळा ‘आत्या’. खाली नीट अक्षरात: मागचा प्रीलोड शेवटच्या पायरीला, रिबाउंड एक क्लिक आवळून, वेग चाळीसच्या आत. आणि समासात आत्याच्या सूचनेवरून केलेली नोंद: नारळ सोलून नेल्यास दोन पायऱ्या कमी.