पापड्या आणि ड्रोन

जबलपुरातल्या आमच्या मदनमहालच्या घरात हवामानाची दोन खाती आहेत. एक भाच्याच्या मोबाइलमध्ये, दुसरं गच्चीवर. गच्चीवरचं खातं त्याची मामी चालवते. यंत्रसामग्री म्हणजे प्लास्टिकचा कागद, त्यावर साबुदाण्याच्या पापड्या आणि चार कोपऱ्यांना विटांचे तुकडे. कागदाची कड नुसती फडफडली, तर वारा बेताचा. वाळलेली पापडी सरकू लागली, की वाळवण आत!

भाच्याला टेकडीवरचा मदनशाहाचा किल्ला आणि तिथली ती तोललेली शिळा वरून टिपायची होती. १९९७ च्या भूकंपात जबलपूरची घरं पडली, ही शिळा मात्र पडली नाही. तिला ड्रोनचं काय कौतुक असणार?

"मामी, वारा ताशी १२ किलोमीटर. ड्रोन ३८ पर्यंत टिकतो, कंपनीच म्हणते."

"कंपनी म्हणणारच, विकायचाय तिला. आणि ते बारा कुठले? अंगणातले की टेकडीवरचे?"

मामीने नेमकं बोट ठेवलं. अंदाजातला वारा मोकळ्या मैदानात, जमिनीपासून १० मीटरवरचा धरतात. टेकडी चढताना तो जोर धरतो, शिळांच्या आडोशाला भोवरे करतो. शिवाय पाहायचा तो झोत. सरासरी वाऱ्याने कुणाचा ड्रोन पडत नाही. निघतानाच वाऱ्याला तोंड देऊन जावं, म्हणजे बॅटरी दमल्यावर तोच घरी ढकलतो. भाचा अर्थातच उलट जाणार होता, कारण तिकडे ऊन छान पडतं.

उन्हाचंही एक आहेच. असल्या ड्रोनना ४० अंशांपर्यंतच काम करायची सवय. आमचा मे महिना तिथून पुढे सुरू होतो. दुपारी खडक तापले की गरम हवा वर उठते आणि घारी तिच्यावर पंख न हलवता फिरतात. घारी अशा फिरू लागल्या, की ड्रोन पेटीत बरा.

आणि हवा कितीही गुणाची असली, तरी जबलपुरात आधी सरकारी नकाशा उघडावा. तोफांचा कारखाना, दारूगोळा, छावणी, डुमना विमानतळ... इथलं आभाळ बरंचसं आरक्षित. ड्रोन २५० ग्रॅमच्या आतला असला, तर चालकाचा परवाना लागत नाही. पण नकाशावरच्या लाल पट्ट्यात केंद्राची परवानगी सगळ्यांनाच लागते, वजन कितीही असो.

दोन्ही खात्यांचं एकमत अखेर एकाच वेळेवर झालं: पहाटे सहा. जमीन थंड, वारा झोपलेला, घारी झाडावर.

"सहाला?" भाचा म्हणाला. "मामी, सहाला मी झोपायला जातो."