एका एकराचं एक वर्ष

सोनारीत उसाचं बिल आणि पोराची फी एकाच वहीत मांडली जाते. 2025-26 च्या हंगामाला केंद्रानं उसाची एफआरपी टनाला 3,550 रुपये ठरवली, तीही 10.25 टक्के उताऱ्याला. तोडणी-वाहतूक वजा जाऊन शेतकऱ्याच्या हाती पावणेतीन हजार पडले असं धरू. खासगी इंजिनिअरिंग कॉलेजची फी वर्षाला लाखभर धरू. म्हणजे एका वर्षाच्या फीला सदतीस टन ऊस. परंडा तालुक्याच्या या माळावर पाणी पुरलं तर तेवढा एका एकरात निघतो. खत, बेणं, मजुरी यात धरलेली नाही. पुण्यातली कॉट आणि मेसही धरलेली नाही.

सोनारीचा भैरवनाथ साखर कारखाना सावंत कुटुंबाचा. त्याच घरातले परंड्याचे आमदार तानाजी सावंत पुण्याच्या जेएसपीएम शिक्षणसंस्थेचे संस्थापक. यात बेकायदा काहीच नाही. 1983 साली वसंतदादा पाटलांनी विनाअनुदानित कॉलेजांना दार उघडलं, तेव्हापासून साखर आणि शिक्षण महाराष्ट्रात एकाच अंगणात वाढलं. माझं म्हणणं एवढंच, की उसाचा भाव आणि पदवीचा भाव हे दोन्ही आकडे ज्यांना रोज दिसतात, त्यांनी ते शेजारी-शेजारी ठेवून एकदा शेतकऱ्यासमोर बोलावं.

मग पोराला शिकवूच नये का? शिकवावं. पदवीत काही राम नाही, असं चारचौघांत सांगणाऱ्यांची स्वतःची पोरं बघा, एकही बिनपदवीचं सापडणार नाही. हा उपदेश नेहमी दुसऱ्याच्या पोरासाठी असतो, आणि त्याचा मला मनापासून राग येतो.

2024 च्या पोलीस भरतीचा दाखला दिला जातो. जागा सतरा हजारांच्या घरात, अर्ज सतरा लाखांवर. पात्रता बारावी, आणि रांगेत इंजिनिअर, एमबीए. त्याआधीच्या वर्षी तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांना दहा लाखांवर अर्ज आले, तेही खुल्या गटाला हजार आणि राखीव गटाला नऊशे रुपये परीक्षा शुल्क भरून. यावरून पदवी फुकट गेली म्हणायचं की नोकऱ्याच निघाल्या नाहीत म्हणायचं? मला तिसरंच दिसतं. पदवी मिळाली, शिक्षण मिळालं नाही.

कारण शिकवायला माणूसच नाही. अनुदानित कॉलेजांतल्या प्राध्यापकांच्या 3,580 जागा भरायला सरकारनं 2018 साली परवानगी दिली. त्यातल्या 2,088 जागांना 2021 साली पुन्हा परवानगी द्यावी लागली, कारण मधल्या काळात भरतीच थांबवली होती. दरम्यान वर्ग चालवले तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांनी. नेट-सेट झालेला, पीएचडी केलेला माणूस तासावर पैसे घेतो आणि सुट्टीत रिकाम्या हातानं बसतो. शिकून काय होतं, याचं उत्तर पोरांना फळ्यासमोर उभं दिसतं. तो माणूस तरीही जीव तोडून शिकवत असेल, तर त्याचे पाय धरावेत.

म्हणून पोरगं परंडा, बार्शी सोडून पुण्याला पळतं, आणि खरा खर्च तिथून सुरू होतो. निजामाच्या काळात मराठवाड्यातल्या पोराला पदवीसाठी हैदराबाद गाठावं लागे. बाबासाहेबांनी 1950 साली औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय काढलं, 1958 साली विद्यापीठ आलं, पुढं त्याचं उपकेंद्र धाराशिवातही आलं. शिक्षण पोराच्या जवळ आणायचं, हे तेव्हा कळलेलं होतं. आज इमारत जवळ आहे, प्राध्यापक लांब.

मुलींचा हिशेब वेगळा आहे, आणि मला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो. शेजारच्या बीड जिल्ह्यात, 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार, 20 ते 24 वयाच्या शंभर बायकांमागे चाळीसहून अधिक जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. अशा मुलखात बीएच्या तीन वर्षांची किंमत पगारात मोजू नका. ‘पोरगी कॉलेजात हाय’ एवढ्या एका वाक्यानं बघायला आलेले पाहुणे परत जातात. जुलै 2024 च्या शासन निर्णयानं आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. चांगलं झालं. पण वसतिगृह आणि मेस त्यात नाही, आणि बाप पोरीला पाठवायला कचरतो तो तिथंच.

फीमाफीसुद्धा सहज हाती येत नाही. जूनमध्ये तालुक्याच्या सेवा केंद्रावर जाऊन बघा. बापाच्या हातात प्लास्टिकची पिशवी, आत टीसी, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, जात पडताळणी. यंत्र अंगठा घेत नाही. खुरपं धरून धरून रेषाच झिजलेल्या. ओटीपी बंद पडलेल्या नंबरवर जातो. शिष्यवृत्ती वर्ष उलटल्यावर येते, तोवर कॉलेज म्हणतं आधी भरा, आणि मूळ कागद ठेवून घेतं. मूळ कागद अडवून ठेवायचे नाहीत, असं यूजीसीनं 2018 सालीच बजावलंय. हे त्या बापाला कुणीच सांगत नाही.

तर यंदा फी भरायच्या आधी त्यानं कॉलेजच्या खिडकीवर तीन गोष्टी विचाराव्यात. पोराच्या विषयाला कायम प्राध्यापक किती आहेत? गेल्या वर्षी बाहेर पडलेली पोरं कुठं लागली, त्यांची नावं-नंबर मिळतील का? मूळ कागद लगेच परत देणार का? कारकून खिडकी लावून घेत असेल, तर पिशवी उचलावी आणि दुसऱ्या कॉलेजात जावं.